डोंगरातला रस्ता आणि पाण्याची वाट

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

मागच्या पावसाळ्यात आमच्या भूगोल विभागाची एक दिवसाची सहल कान्हेरीला गेली होती. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून लेण्यांपर्यंतचे सहा-सात किलोमीटर चालतच जायचे ठरले होते. गप्पा, भेंड्या, छत्र्यांची ओढाताण असा सगळा थाट चालू असताना एका वळणावर सर थांबले आणि त्यांनी विचारले, "हा रस्ता इथे आत का वळला आहे, सांगा पाहू." कोणी म्हणाले, वाटेत मोठे झाड असेल. कोणी म्हणाले, पलीकडची जमीन दुसऱ्या कोणाची असेल. सरांनी काही न बोलता रस्त्याच्या कडेला बोट दाखवले. डोंगराच्या घळीतून एक ओहोळ फेसाळत खाली येत होता, रस्त्याखालच्या मोरीत शिरत होता आणि पलीकडे बाहेर पडून नदीकडे धावत होता. सर म्हणाले, "डोंगरात रस्त्याने ओढ्याला भेटायला आत जावे लागते. तो गेला नाही, तर ओढा त्याला भेटायला येतो."

तेव्हा आम्ही हसलो. परंतु ते वाक्य मनात राहिले. आपण सारे अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड ह्या पट्ट्यात राहणारे. रोज रस्त्यावरून ये-जा करतो आणि रोज रस्त्याच्या नावाने खडे फोडतो. पण उभ्या उताराच्या, कातळाच्या, झाडीने भरलेल्या जमिनीवर रस्ता होतो कसा, हा प्रश्न कला शाखेच्या विद्यार्थ्याला सहसा पडत नाही. तो अभियांत्रिकीवाल्यांचा विषय, असे आपण समजतो. वस्तुतः तो भूगोलाचा, इतिहासाचा आणि थोडासा न्याय-अन्यायाचाही विषय आहे. सरांची टिपणे, ग्रंथालयातली काही पुस्तके आणि उमेदीची वीस वर्षे जंगलातल्या रस्त्यांवर मुकादम म्हणून घालवलेले माझे मामा, एवढ्या भांडवलावर हा लेखप्रपंच केला आहे.

जंगलात रस्ता कशासाठी?

बोरिवलीचे जंगल राष्ट्रीय उद्यान असल्यामुळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तेथे व्यापारासाठी लाकूडतोड करता येत नाही. परंतु आपल्या उत्तरेला जव्हार, मोखाडा, डहाणू ह्या भागात आणि दूर गडचिरोलीत आलापल्लीच्या सागवानी जंगलात लाकूडतोडीचा मोठा इतिहास आहे. तोडीसाठी वनखाते जंगलाचे तुकडे पाडते. त्या तुकड्याला 'कूप' म्हणतात. ठरलेल्या वर्षी ठरलेला कूप तोडायचा आणि मग त्या जागेला पुष्कळ वर्षे विश्रांती द्यायची, अशी ही पद्धत.

झाड पाडणे त्या मानाने सोपे; पाडलेले झाड बाहेर काढणे कठीण. नुकत्याच तोडलेल्या सागाच्या एका घनमीटर लाकडाचे वजन एक टनाच्या आसपास भरते. पूर्वी ओंडके बैलांकडून ओढून आणीत, बैलगाडीवर लादीत. गडचिरोली जिल्ह्यात कमलापूरला वनखात्याचे हत्ती आहेत; आज पर्यटक त्यांना पाहायला जातात, पण मुळात ते ओंडके वाहण्यासाठी पाळलेले होते. पुढे ट्रक आला. ट्रकला पायवाट चालत नाही, आणि बैलासारखा तो कातळावर पाय रोवून उभाही राहत नाही. त्याला रस्ता हवा.

ह्या लाकडामागे माणसेही होती, हे विसरून चालणार नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी १९४५ पासून सावकार-जमीनदारांविरुद्ध लढा दिला. त्यातच जंगलठेकेदारांकडून तोडीची रास्त मजुरी मिळावी म्हणून १९४६ मध्ये त्यांनी संप केला. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक ज्यांनी वाचले असेल, त्यांना ही हकीकत ठाऊक आहे. १९४७ पासून मुंबई प्रांतात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघू लागल्या. ठेकेदाराला बाजूला सारून कूप तोडण्याचे काम आदिवासींच्याच हाती द्यावे, हा त्यामागचा विचार. १९७४ मध्ये राज्याचे वनविकास महामंडळ स्थापन झाले. म्हणजे 'रस्ता कसा करावा' ह्या प्रश्नाला 'रस्ता कोणासाठी' हा प्रश्न पहिल्यापासून चिकटलेला आहे. त्याकडे आपण शेवटी येऊच.

आखणी: पायांनी करायचे गणित

खंडाळ्याच्या घाटात जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. लोककथा अशी की, घाटात वाट सापडेना तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगराने साहेबाला वाट दाखवली, आणि बक्षीस म्हणून त्याला मरण मिळाले. कथेतला इतिहास किती हे बाजूला ठेवू. पण तिच्यात एक खरी गोष्ट आहे. डोंगरातला रस्ता आधी पायांनी शोधावा लागतो, आणि ते पाय गुरे-मेंढ्यांच्या मागे हिंडणाऱ्यांचे असतात. आजही आखणी करणारा शहाणा माणूस आधी गावातल्या गुराख्याला बरोबर घेतो. कुठली घळ मार्गशीर्षापर्यंत वाहते, कुठली जमीन पावसाळ्यात पायाखाली हलते, हे नकाशात नसते.

पहिल्यांदा दोन प्रकारच्या जागा ठरवायच्या. जिथून रस्ता गेलाच पाहिजे अशा: खिंड, ओढा ओलांडायला सोयीची जागा, कूपाचे तोंड. आणि जिथून मुळीच जाऊ नये अशा: जुनी दरड कोसळलेली बाजू, झरपणारी जमीन, झाडांचे बुंधे वाकडे झालेला उतार. बुंधा वाकडा का? खालची माती हळूहळू सरकत असते आणि झाड पुन्हा सरळ होऊ पाहते, म्हणून.

ह्या जागा जोडताना खरा प्रश्न चढाचा. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसने घालून दिलेल्या प्रमाणांनुसार डोंगराळ भागात सर्वसाधारण चढ वीसास एक असावा. म्हणजे वीस मीटर चालल्यावर एक मीटर वर. फारच उभ्या प्रदेशात शंभर मीटरला सहा मीटर, आणि अगदी नाइलाजाच्या जागी थोड्या अंतरापुरते आठ मीटरपर्यंत. जिथे रस्ता उलटा फिरतो त्या नागमोडी वळणावर चढ शंभराला अडीचपेक्षा जास्त नसावा आणि वळणाची आतली त्रिज्या निदान चौदा मीटर असावी, नाहीतर लांब ओंडके लादलेला ट्रक वळायचाच नाही.

हा चढ जमिनीवर उतरवायला एक साधे पण फार हुशार उपकरण वापरीत. त्याला घाट ट्रेसर म्हणतात. ते मूळ सिलोनचे म्हणून ओळखले जाते. काठीला टांगलेली एक नळी आणि तिला तोलणारे सरकते वजन. वजन सरकवून हवा तो चढ लावला की नळी तेवढीच तिरपी राहते. दुसरा माणूस तेवढ्याच उंचीवर खूण असलेली काठी घेऊन पुढे जातो. नळीतून पाहणारा "वर घे, खाली घे" अशा हाका देतो. खूण नळीतल्या तारेवर आली की तेथे खुंटी ठोकायची आणि पुढे सरकायचे. मामा म्हणाले, "आम्ही डोंगरमाथ्यावरून खाली उतरत आखायचो. खालून वर पाहिले तर फक्त झाडी दिसते. वरून पाहिले की डोंगराच्या सोंडा आणि घळी हाताच्या बोटांसारख्या वेगळ्या दिसतात." आता उपग्रहावरून घेतलेल्या नकाशांची मदत मिळते, तरी शेवटची खुंटी माणसालाच ठोकावी लागते.

आता थोडा हिशेब मांडू. बोरिवलीच्या उद्यानातले सर्वांत उंच ठिकाण जांभूळमाळ ४६८ मीटर उंच आहे. केवळ उदाहरणापुरते समजा की, अशा एखाद्या डोंगरावर आपल्याला ४०० मीटर चढायचे आहे. वीसास एक ह्या चढाने रस्त्याची लांबी आठ किलोमीटर होते. रस्ता, गटार आणि दोन्ही बाजूंची खोदाई मिळून दहा मीटरचा पट्टा धरला, तर आठ हेक्टर जंगल निव्वळ रस्त्याखाली जाते. लाकूड काढण्यासाठी रस्ता, आणि रस्त्यासाठी आधी लाकूड! म्हणून चांगला आखणी करणारा रस्ता जितका लहान करता येईल तितका लहान करतो, पण चढ उभा करून नव्हे. कारण उभ्या रस्त्यावर ट्रकच्या आधी पाणी धावते.

कातळ आणि खोदाई

आपले डोंगर दख्खनच्या लाव्ह्याचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. हा कातळ बाहेरून एकसारखा काळा दिसला तरी आतून एकसारखा नसतो. अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहावा. काळ्या दगडाचे उभे खांब एकमेकांना चिकटून उभे असलेले तेथे स्पष्ट दिसतात. लाव्हा थंड होऊन आकसताना त्याला पडलेल्या ह्या भेगा. रस्ता खोदणाऱ्याच्या दृष्टीने कातळाची ताकद दगडात कमी आणि भेगांत जास्त असते. भेगांचा कल डोंगराच्या आत असेल तर उभी कापलेली भिंतही वर्षानुवर्षे टिकते. कल रस्त्याकडे असेल तर तेच दगड पुठ्ठ्यावर ठेवलेल्या वह्यांसारखे घसरत खाली येतात. शिवाय दोन लाव्ह्यांच्या थरांमध्ये कधीकधी मऊ तांबडा थर असतो. वरचे पाणी मुरत मुरत त्यावर येऊन थांबते आणि तेथून झरपते. वरचा कातळ मग निसरड्या फरशीवर बसल्यासारखा होतो.

खोदाईचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. पाच मीटर रुंदीचा रस्ता पूर्णपणे डोंगर कापून करायचा असेल, तर तीस अंशांच्या उतारावर दर मीटर लांबीला सात घनमीटरांहून अधिक माल निघतो. पंचेचाळीस अंशांच्या उतारावर तोच साडेबारा घनमीटर. म्हणजे एका किलोमीटरला साडेबारा हजार. दगड फोडला की तो फुगतो आणि आणखी जागा घेतो. हा सारा माल कुठे टाकायचा?

सोपा उपाय म्हणजे अर्धा रस्ता कापून आणि अर्धा भरून करायचा. आतल्या बाजूची निघालेली माती बाहेरच्या बाजूला टाकायची. त्याने खोदाई एकदम चौथाईवर येते. परंतु सुटी माती-दगड साधारण तीस-पस्तीस अंशांपेक्षा उभ्या उतारावर टिकत नाहीत. अशा जागी एक तर खालून दगडी संरक्षक भिंत बांधून भराव अडवायचा, नाहीतर संपूर्ण रस्ता कातळातच कापायचा आणि निघालेला माल ट्रकने दूर, सपाट जागी न्यायचा. दोन्ही उपाय महाग. म्हणूनच तिसरा, चुकीचा उपाय सर्रास होतो: माल सरळ दरीत ढकलायचा. तो खालच्या झाडांच्या बुंध्यांवर बसतो, साल सोलतो, ओढा बुजवतो. वरून सुबक दिसणाऱ्या रस्त्याच्या खाली डोंगराला झालेली ती जखम कोणी पाहत नाही.

भरावाचा आणखी एक नियम मामांनी सांगितला, तो कुठल्याही माणसाला पटेल. भरावात झाडाचा बुंधा, मुळे, फांद्या कधी गाडू नयेत. चार-पाच वर्षांत लाकूड कुजते, आत पोकळी होते आणि एका पावसात रस्त्याची कड बसते. सुरुंगाचेही तसेच. दारू जास्त भरली की काम लवकर होते, पण हवा तेवढाच दगड न फुटता मागचा कातळही खिळखिळा होतो, आणि पुढची दहा वर्षे तो दर पावसाळ्यात थोडा थोडा खाली येत राहतो.

सगळ्यात मोठा मुकादम: पाणी

आता सरांच्या वाक्याकडे वळू. डोंगराच्या उतारावर पडणारा पाऊस झाडांच्या पानांवर, पाचोळ्यावर, मुळांच्या जाळ्यात अडत अडत खाली जातो. काही मुरतो, काही हजार वाटांनी झिरपतो. उताराला आडवा रस्ता कापला की ह्या हजार वाटा एका ठिकाणी तुटतात आणि सगळे पाणी रस्त्याच्या आतल्या गटारात एकत्र येते. विखुरलेले पाणी गरीब असते. एकवटलेले पाणी बलवान. नद्यांच्या भूगोलात आपण शिकतो की, पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते चौसष्टपट वजनाचा दगड हलवू शकते. लाकूडतोडीचा कच्चा रस्ता बिघडतो तो ट्रकच्या वजनाने कमी आणि ह्या नियमाने जास्त.

म्हणून डोंगरी रस्त्याची सारी हुशारी पाण्याला एकवटू न देण्यात आहे. कापलेल्या भिंतीच्या वरच्या अंगाला एक चर खणून वरचे पाणी आधीच बाजूला न्यायचे. प्रत्येक घळीला स्वतंत्र मोरी द्यायची. एका घळीचे पाणी दुसऱ्या घळीत नेऊन टाकायचे नाही. मोरीच्या तोंडाशी, जिथे पाणी बाहेर पडते तिथे, दगडांची फरसबंदी करायची, म्हणजे खालची माती कोरली जात नाही. कमी रहदारीच्या जंगलरस्त्याला दरीच्या बाजूला किंचित कलता ठेवायचा आणि अंतराअंतरावर रुंद उथळ खोलगट पट्टे काढायचे, म्हणजे पाणी जागच्या जागी रस्ता ओलांडून जाते.

ह्यातली एक गोष्ट जरी गाळली तरी काय होते, त्याचा अनुभव मामांनी सांगितला. एका डोंगराळ तालुक्यातले काम होते. आखणीत एका लहान घळीवर मोरी दाखवली होती. काम चालले होते उन्हाळ्यात. घळ ठणठणीत कोरडी. काम घेणाऱ्याने ती मोरी गाळली. "इथे कुठे पाणी आहे?" असे तो म्हणाला. मामांनी एकदा सांगून पाहिले आणि गप्प बसले. जुलैमध्ये घळ वाहू लागली. तिला वाट मिळेना, तेव्हा ती रस्त्याच्या गटारातून पुढच्या वळणापर्यंत धावली आणि तेथून भराव घेऊन खाली कोसळली. खाली एका विधवा बाईची भाताची तीन खाचरे होती. ती दगड-मातीखाली गेली. "रस्ता दुसऱ्या वर्षी दुरुस्त झाला," मामा म्हणाले, "खाचरे नाही झाली. मी दुसऱ्यांदा सांगायला हवे होते." इतक्या वर्षांनंतरही हे सांगताना मामांनी मान खाली घातली होती.

उपनगरात राहणाऱ्याला ही गोष्ट परकी वाटू नये. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझादनगरात डोंगराचा कडा वस्तीवर कोसळून साठांहून अधिक माणसे दगावली. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. डोंगराचा पायथा कापणे, त्यावर माल टाकणे, ओढ्याची वाट अडवणे ह्या गोष्टी जंगलात होवोत की शहरात, जुलैचा पाऊस त्यांत फरक करीत नाही.

आणि ज्यांना हे समजले होते ते लोक आपल्याच डोंगरात होऊन गेले. कान्हेरीला गेलात तर मूर्ती आणि स्तूप अवश्य पाहा. पण त्याबरोबर पायांखालीही पाहा. कातळात कोरलेल्या पायऱ्या, पाण्याच्या पन्हळी, लेण्यालेण्यांशेजारची टाकी. पावसाचे पाणी कुठून येईल, कुठे थांबेल आणि कुठून निघून जाईल, ह्याचा विचार त्या भिक्षूंनी आणि पाथरवटांनी छिन्नी उचलण्याआधी केलेला दिसतो.

रस्ता झाल्यानंतर

कूपाची तोड एक-दोन हंगामांत संपते. रस्ता मात्र उरतो. त्यावरून मग कोण येतो? चोरटी लाकूडतोड करणारा येतो, शिकारी येतो, रस्त्याच्या उघड्या कडेने घाणेरी आणि रानमोडी आत शिरते. परंतु त्याच रस्त्याने शिक्षक येतो, रेशनचे धान्य येते, आणि बाळंतपणात अडलेल्या बाईला झोळीत घालून मैलोनमैल चालत नेण्याऐवजी दवाखान्याच्या गाडीत घालता येते. पालघर आणि गडचिरोलीच्या पाड्यांतून अशा झोळ्यांच्या बातम्या आपण आजही वाचतो. तेव्हा 'जंगलात रस्ता नकोच' असे मुंबईत बसून म्हणणे सोपे आहे. पाड्यावर राहणाऱ्याला ते परवडणारे नाही.

कायद्याने ह्या दोन बाजूंमध्ये तोल साधायचा प्रयत्न केला आहे. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानुसार वनजमीन दुसऱ्या कामासाठी वापरायची तर केंद्र सरकारची परवानगी लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र गावाच्या रस्त्यासारख्या सोयीसाठी, ग्रामसभेने शिफारस केल्यास, एक हेक्टरपेक्षा कमी जमीन आणि हेक्टरी जास्तीत जास्त पंचाहत्तर झाडे एवढ्या मर्यादेत वाट मोकळी केली. आपल्या दहा मीटरच्या पट्ट्याने मोजले तर एक हेक्टर म्हणजे जेमतेम एक किलोमीटर. पण त्या किलोमीटरची मागणी ग्रामसभेने केलेली असते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आणि ज्या रस्त्याचे काम संपले, तो मिटवताही येतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रेडवुड राष्ट्रीय उद्यानाचा १९७८ मध्ये विस्तार झाला, तेव्हा लाकूडतोडीचे जुने रस्ते त्यात आले. पावसात त्यांची माती नद्यांत जात होती. तेथे ते रस्ते यंत्राने उकरून, मोऱ्या काढून, ओढे मोकळे करून डोंगराचा मूळ उतार परत आणण्याचे काम पुष्कळ वर्षे चालले. रस्ता करण्याइतकाच रस्ता मिटवणेही एक शास्त्र आहे, हे त्यांना फार मोठी किंमत देऊन कळले.

आपल्या बोरिवलीच्या डोंगराखालून आता दोन मोठे जोडबोगदे काढायचे ठरले आहे: गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचा आणि ठाणे-बोरिवलीचा. दोन्हींचे भूमिपूजन १३ जुलै २०२४ ला झाले. वरून रस्ता नेला तर जंगल दुभंगेल, म्हणून खालून जायचे, हा त्यामागचा हिशेब. वरची झाडी आणि वरचे बिबटे त्याने बरेचसे वाचतील. परंतु निघालेला दगड कुठे टाकायचा आणि कातळातले पाणी कुठल्या वाटेने जाईल, हे दोन जुने प्रश्न बोगद्यालाही चुकलेले नाहीत. ते विचारण्याचे काम केवळ अभियंत्यांचे नाही, आपलेही आहे.

परतताना पाऊस वाढला होता. त्याच वळणावर आम्ही पुन्हा थांबलो. सकाळचा ओहोळ आता मोठा झाला होता, पण मोरी त्याला पुरत होती. रस्त्यावर पाणी नव्हते. ती मोरी कोणी बांधली, त्याचे नाव तेथे लिहिलेले नाही. कोणा मुकादमाने भर उन्हाळ्यात त्या कोरड्या घळीसमोर उभे राहून, "इथे पाणी येणार आहे," असे सांगितले असेल आणि कोणीतरी ते ऐकले असेल. आम्ही कोरड्या पायांनी घरी गेलो ते त्यामुळे.